पुणे अठ्ठ्याहत्तर की दिल्ली त्र्याऐंशी

निशातगंज, लखनौ
४ सप्टेंबर १९९४

प्रिय श्रीरंगदादा,

तू पाठवलेली बेंगळूरची कॅसेट पोचली. डबीला तडा गेलाय, फीत शाबूत आहे. दोन रविवार दुपारी ऐकली. समीरने विचारलं, "एकाच बँडची एकच गत तुम्ही भावंडं इतक्या कॅसेटींवर कशाला जमवता?" लग्नाला बारा वर्षं झाली तरी नवऱ्याला हा प्रश्न पडतोच. मी पुन्हा समजावलं, की 'लेव्हल क्रॉसिंग'वाले 'लूप लाइन' ही गत सुरू करतात ती दर वेळी त्याच सुरांनी, पण पुढे ती कुठे जाईल हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नसतं. मग विचारलं, "एखादा गवई जन्मभर तोच राग गातो, तेव्हा तू असं विचारतोस का?" तर म्हणाला, "नाही, पण तिथे ड्रम नसतात," आणि पिशवी घेऊन सब्जी आणायला गेला.

आता निकाल. बेंगळूर चांगलंय. पण रोनेनची गिटार मध्येच स्वतःच्या प्रेमात पडते आणि बाकीचे तिचं संपायची वाट बघत बसतात. माझ्या दिल्ली त्र्याऐंशीच्या कार्यक्रमाची त्याला सर नाही. त्या मैदानावर समीर मफलर कानांना गुंडाळून माझ्या शेजारी बसला होता, रोनेनची तार तुटली, आणि तो उरलेल्या तारांवर वाजवत राहिला. बाकीचे त्याला जागा देत देत कुठच्या कुठे गेले. ते ऐकलेल्या माणसाला बेंगळूरने काय होणार?

तुझं पुणे अठ्ठ्याहत्तर मी मानते. पण मधली ती शांतता, दादा, ती चूक आहे. ड्रमवाला चुकला, थांबला, बाकीचे गोंधळले. तू तिला कला म्हणतोस. तू समोर होतास आणि माझ्याकडे नुसती टेप, म्हणून दर वर्षी मी गप्प बसते. यंदा बसणार नाही, त्याला कारण आहे.

जुलैपासून माझी बदली बँकेच्या शहराबाहेरच्या, बख्शी का तालाबच्या शाखेत झालीय हे तुला माहीत आहे. मागच्या आठवड्यात काउंटरवर एक उंच, वाळके, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ आले. गुलाबाच्या रोपांची नर्सरी आहे त्यांची तिकडे. सही बघितली, मुनीर किदवई. माझा हात थांबला. मी विचारलं, "आप वही तो नहीं, लेव्हल क्रॉसिंग वाले?" ते म्हणाले, "था कभी." आणि पासबुक घेऊन गेले.

एकोणऐंशीत बँड सोडून जो ड्रमवाला कुठे गेला ते कुणालाच कळलं नव्हतं, तो माझ्या बँकेत खातं ठेवून आहे. बोल आता.

तुझी,
अनू


कोथरूड, पुणे
१३ सप्टेंबर १९९४

प्रिय अनू,

तुझं पत्र मी उभ्याउभ्याच वाचलं. नंदा म्हणाली, कुणाचं काही झालं का. मी म्हटलं, सापडला.

त्याच्या मागे लाग. नर्सरी आहे म्हणतेस, तर गुलाब घ्यायला जा. समीरला घेऊन जा, म्हणजे माणूस बुजणार नाही. आणि एवढंच विचार, की ती शांतता त्याने कशी योजली. योजली होती का, असं विचारू नकोस. त्याचा अपमान होईल.

तू टेपवर फक्त आवाज बंद झालेला ऐकतेस. मी माणसं पाहिली. कॉलेजातल्या चारुदत्तने स्टेजसमोर टेपरेकॉर्डर ठेवला होता आणि मी त्याच्या मागे मांडी घालून बसलो होतो. आधी ड्रम थांबले. मग गिटार, मग ऑर्गन. कॉलेजचं मैदान पोरांनी भरलेलं, पण एकानेही शिट्टी मारली नाही. मुनीर किदवई काठ्या मांडीवर ठेवून खाली बघत बसला होता, जसा काही त्याला आमच्याशी कर्तव्यच नाही. वाटलं, हे आता पुन्हा सुरू होणार नाही. आणि मग सुरू झालं, आणि आधी होतं त्याहून मोठं होऊन आलं.

तुला हे कधी सांगितलं नव्हतं. तेव्हा बाबांना जाऊन तीन महिने झाले होते. मी परीक्षेला बसलो नव्हतो, बसायचा विचारही नव्हता. त्या मैदानावरून सायकलने घरी येताना ठरवलं, की ऑक्टोबरला बसायचं. कुणीतरी इतक्या लोकांसमोर सगळं थांबवतो, आणि घाबरत नाही, आणि पुन्हा सुरू करतो. ज्याने हे योजलं त्याला मी आजवर मनातल्या मनात नमस्कार करत आलोय. म्हणून मला ते उत्तर हवंय.

दिल्ली त्र्याऐंशी मी काल पुन्हा ऐकलं. तार तुटते तिथवर ठीक. पण नवा ड्रमवाला सगळ्यांना हाकत नेतो. मुनीर कधी हाकत नसे.

सध्या मी घरीच असतो. रजा बरीच साठली होती. त्यामुळे कॅसेटी नीट लावून ठेवायला वेळ मिळतोय. लवकर लिही. फोन नको, फोनवर मला बोलता येत नाही.

तुझा,
श्रीरंगदादा


पुणे
१२ ऑक्टोबर १९९४

प्रिय अनघा,

माझं पत्र बघून तुला आश्चर्य वाटेल. श्रीरंगला केस कापायला पाठवलंय, तेवढ्या वेळात लिहितेय. गेल्या महिनाभरात तो आज पहिल्यांदा जिना उतरला.

त्याची रजा बिजा काही नाही. जूनमध्ये कंपनीने त्याचा सगळा विभाग बंद केला. वर्कशॉपची बरीच माणसं घरी बसली. त्याने अजून आईंनाही सांगितलेलं नाही, तुला कुठून सांगणार? घर चालतंय, माझी शाळेची नोकरी आहे, ती काळजी तू करू नकोस. पण तो दिवसभर गॅलरीत बसतो आणि समोरच्या इमारतीच्या गच्चीकडे बघतो.

तुझं पत्र आल्यापासून मात्र जेवताना बोलायला लागलाय. सगळं त्या मुनीर किदवईंबद्दल. तू त्यांना भेटली असशील किंवा भेटशील. ते काय सांगतील मला माहीत नाही, आणि त्या संगीतातलं मला काही कळत नाही. पण त्याच्या मनाविरुद्ध काही निघालं, तर थोडं थांबशील? खोटं लिही असं म्हणत नाही. फक्त आत्ता नको.

हे पत्र आल्याचं त्याला कळू देऊ नकोस.

तुझी,
नंदावहिनी


निशातगंज, लखनौ
३० ऑक्टोबर १९९४

प्रिय श्रीरंगदादा,

उशीर झाला. हे पत्र तीनदा लिहून फाडलं. तू मला आजवर एकही टेप कापून पाठवली नाहीस. खोकले, शिट्ट्या, चारुदत्तची शिंक, सगळं तसंच ठेवून पाठवलंस. म्हणून मीही जे ऐकलं ते तसंच लिहितेय.

आम्ही दोघं गुलाब घ्यायला गेलो. पहिल्या खेपेला किदवईसाहेब फक्त खतांबद्दल बोलले. दुसऱ्या खेपेला समीरने, ड्रम न आवडणाऱ्या माझ्या नवऱ्याने, त्यांना सरळ सांगितलं, की माझा एक मेहुणा पुण्यात तुमच्या एका कॅसेटवर जगतो. तेव्हा ते खाटेवर बसले आणि विचारलं, "पूना की कॅसेट है?" त्यांना टेप आहे हेच माहीत नव्हतं. आपला तो कार्यक्रम कुणी जपून ठेवला असेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

दादा, ती शांतता त्यांनी योजली नव्हती. वाजवता वाजवता त्यांना अचानक कळेना, की आपण कुठे आहोत. हात वाजवत होते आणि मोजणी डोक्यातून गेली. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. ते घाबरले आणि काठ्या मांडीवर ठेवल्या. बाकीचे एकेक करून थांबले, कारण दुसरं काय करावं ते त्यांनाही सुचेना. त्यांना वाटलं, संपलं, आता उठून जायचं. तेवढ्यात बास गिटारवाल्या नेव्हिलने, त्यांच्याकडे न बघता, एकच सूर अगदी हळू छेडायला सुरुवात केली. तोच, पुन्हा, पुन्हा. "जैसे कोई दरवाज़ा पकड़े खड़ा हो," किदवईसाहेब म्हणाले, "और कहता न हो कि जल्दी आओ." मग त्यांनी काठ्या उचलल्या.

पुढचं तू ऐकलंयस. पण ती भीती त्यांच्यातून गेली नाही. त्यानंतर प्रत्येक कार्यक्रमाला त्यांना वाटायचं, आज पुन्हा होईल. वर्षभर कसंबसं रेटलं आणि मग सोडून घरी, बख्शी का तालाबला, आले. पुण्याच्या पोरांनी आपल्याला दयेने टाळ्या वाजवल्या असंच ते आजपर्यंत धरून आहेत.

मी बरोबर होते आणि मला जराही आनंद झालेला नाही.

बँडला पंचवीस वर्षं झाल्याचा दौरा निघालाय. ७ जानेवारीला ते लखनौला येतायत. नेव्हिलने किदवईसाहेबांना कार्ड पाठवलंय. त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही.

तुझी,
अनू


निशातगंज, लखनौ
३० ऑक्टोबर १९९४

प्रिय नंदावहिनी,

तुझं पत्र आलं तेव्हा किदवईसाहेबांकडून मला सगळं कळून चुकलं होतं. दादाला आज खरं तेच लिहिलंय. तू थांब म्हणालीस आणि मी थांबले नाही. दोन्ही पत्रं एकदमच टाकतेय, तुझं शाळेच्या पत्त्यावर, म्हणजे ते आधी पोचलं तर तू जवळ राहशील. रागावलीस तर ते मला मान्य आहे.

अनघा


कोथरूड, पुणे
२७ नोव्हेंबर १९९४

प्रिय अनू,

जवळजवळ महिना झाला. पहिला आठवडा मी तुझ्यावर चिडलेला होतो. दुसरा किदवईंवर. मग स्वतःवर, की इतकी वर्षं एका घाबरलेल्या माणसाला मी न घाबरणारा समजत होतो.

कॅसेटी खोक्यात भरून माळ्यावर टाकल्या. रविवारी नंदा बाजारात गेली असताना मी पुण्याची तेवढी काढली आणि त्या नेव्हिलच्या सुरासाठी लावली. तो तिथे आहे, अनू. मी त्याला कायम मैदानापलीकडच्या रस्त्यावरच्या मोटारीचा आवाज समजत होतो. चारुदत्तचा टेपरेकॉर्डर साधा, त्यात तो जेमतेम उमटलाय. पण एकदा कळल्यावर दुसरं काही ऐकूच येत नाही. सगळे थांबलेले आणि तो एकटा, न थकता, तोच सूर. आणि मग ड्रम येतात तेव्हा पहिला ठोका किती भीतभीत पडतो, तेही आता ऐकू आलं. त्याला मी सफाई म्हणत होतो.

पुणे अठ्ठ्याहत्तर माझ्या यादीत अजून पहिलंच आहे. कारण बदललं.

आता माझं. जूनपासून मला नोकरी नाही. रजेचं खोटं होतं. आमचा विभागच बंद केला. मला वाटत होतं, कुणाला सांगितलं की ते खरं होईल. नंदा रोज सकाळी चहाचे दोन कप गॅलरीत आणून ठेवते आणि शेजारी पेपर वाचत बसते. पुढे काय, असं तिने एकदाही विचारलेलं नाही. मी समजत होतो, हिला काही पडलेलीच नाही. त्या रविवारी ती बाजारातून आली, तेव्हा मी चहा करून ठेवला होता. ती कप हातात घेऊन थोडी रडली. मग म्हणाली, साखर जास्त झालीय.

दुसऱ्या दिवशी आईला सांगितलं. तिला अंदाज होताच. मग चारुदत्तकडे गेलो. तो हल्ली एका तंत्रनिकेतनात शिकवतो. त्यांच्या वर्कशॉपला हाताने काम केलेला माणूस हवाय, पगार आधीच्या निम्मा. अर्ज दिलाय. बघू.

तुला एक काम. टेपची नवी प्रत काढून पाठवतोय. किदवईसाहेबांना ऐकव. त्यांना सांग, की तिथे बसलेल्यांपैकी एकजण दयेने टाळ्या वाजवत नव्हता. बाकीच्यांचं मला माहीत नाही, पण त्या एकाचं नक्की माहीत आहे.

तुझा,
श्रीरंगदादा


निशातगंज, लखनौ
११ डिसेंबर १९९४

प्रिय दादा,

आधी तुझ्यावर रागावून घेते. जूनपासून? दिल्लीचा ड्रमवाला हाकत नेतो हे लिहायला वेळ होता आणि हे नाही? बरं, झालं. समीर म्हणतो, अर्ज मंजूर होवो न होवो, दोघं जानेवारीत इकडे या.

टेप काल ऐकवली. शनिवार होता, बँक दुपारी सुटली, समीर आपला टेपरेकॉर्डर घेऊन स्कूटरवरून तिकडे आला. ऊन छान पडलं होतं. वर हवाई दलाची विमानं घिरट्या घालत होती, त्यामुळे मध्ये दोनदा फीत मागे घ्यावी लागली. किदवईसाहेब रोपांच्या कुंड्यांमध्ये स्टूल टाकून बसले. आधी तुझा निरोप सांगितला, तुझी परीक्षा, सायकल, सगळं. तू सांगायला सांगितलं नव्हतंस, पण मी सांगितलं. ते फक्त मान हलवत होते.

'लूप लाइन' सुरू झाली तसे ते हसले. रोनेनच्या एका जागेला "वाह" म्हणाले. मग ती शांतता जवळ आली, आणि त्यांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर घट्ट दाबून धरले. मला वाटलं, बंद करावं. समीरने मला खूण केली, की राहू दे.

ड्रम थांबले. गिटार, ऑर्गन. नेव्हिलचा सूर. मग ड्रम.

किदवईसाहेब म्हणाले, "फिर से."

मी फीत मागे घेतली. पुन्हा ऐकलं. मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, "बस? इतनी सी थी?"

दादा, त्या माणसाच्या डोक्यात ती शांतता अख्ख्या कार्यक्रमाएवढी होती. त्यांना वाटत होतं लोक उठून जाऊ लागले होते, कुणीतरी ओरडलं होतं. टेपवर ती चार लांब श्वासांएवढी आहे. त्यांनी तिसऱ्यांदा लावायला सांगितली नाही. पुढचं वाजणं शेवटपर्यंत ऐकलं, डोळे मिटून, आणि संपल्यावर अगदी साध्या आवाजात म्हणाले, "अच्छा बजा रहा है ये लड़का."

निघताना त्यांनी समीरला एक पिवळा गुलाब दिला, कुंडीसकट, आणि नेव्हिलच्या कार्डावरचा फोन नंबर मला वाचून दाखवायला सांगितला. चष्मा आत राहिला होता म्हणे. चष्मा खिशात होता, मला दिसत होता.

तुमची तिकिटं काढा.

तुझी,
अनू


कोथरूड, पुणे
१६ जानेवारी १९९५

प्रिय अनू,

काल पोचलो. धुक्यामुळे गाडी कानपूरपर्यंत रांगत आली, पण तुझ्या पराठ्यांनी झाशीपर्यंत साथ दिली. तंत्रनिकेतनाचं पत्र येऊन पडलं होतं. सोमवारपासून रुजू व्हायचंय. पहिल्या वर्षाच्या पोरांना कानस कशी धरायची ते शिकवायचं. आईने देवापुढे साखर ठेवली.

आता निकाल. तू स्टेजच्या बाजूला किदवईसाहेबांबरोबर होतीस, तुला समोरून काय दिसलं ते माहीत नाही. मी समोर होतो. लखनौ पंच्याण्णव माझ्या यादीत तिसरं. त्याहून वर मी ते घेणार नाही, तुला कितीही वाटलं तरी. शेवटी त्यांना बोलावलं तेव्हा सगळं सभागृह उभं राहिलं, मीही उभा राहिलो, पण उभं राहणं म्हणजे संगीत नव्हे. हात जड झालेत त्यांचे. सुरुवातीला ते ठोक्यामागे पडत होते आणि रोनेनला थांबून थांबून वाजवावं लागत होतं. पण मग बँडनेच चाल मंदावली, किदवईंना झेपेल इतकी, आणि त्या मंद चालीत 'लूप लाइन' जिकडे वळली तिकडे ती पूर्वी कधी गेलेली नव्हती. म्हातारी माणसं बोलतात तसं बोलत होते ते एकमेकांशी, अर्धी वाक्यं सोडून देत. तेवढ्यासाठी तिसरं. नंतर हात हातात घेऊन ते मला म्हणाले, "इम्तिहान में पास हुए थे?" मी म्हटलं, सेकंड क्लास. म्हणाले, "हम भी."

किदवईसाहेब मार्चमध्ये बँडबरोबर कलकत्त्याला जाणार आहेत, दोन रचना वाजवायला, हे तुला कळलं असेलच.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. भुसावळ सोडल्यावर नंदा खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "मला दुपारचं जास्त आवडलं." मी विचारलं, कुठलं दुपारचं? तर म्हणे, समीर आणि मी चहा आणायला गेलो होतो, तू अजून बँकेतून यायची होतीस, आणि ही रिकाम्या सभागृहात आपल्या पिशव्या सांभाळत बसली होती, तेव्हा किदवईसाहेब आणि नेव्हिल दोघंच स्टेजवर आले. एकमेकांशी काही बोलले नाहीत. वाजवायला बसले. आम्ही चहा घेऊन येईपर्यंत वाजवत होते, आणि आमची चाहूल लागताच थांबले.

मी विचारलं, कसं होतं? ती म्हणाली, "तुझ्या पुण्यापेक्षा चांगलं."

मी म्हटलं, "तू पुणे कधी ऐकलंस?"

"लग्न झाल्यापासून ऐकतेय," ती म्हणाली. "स्वयंपाकघरातून."

अनू, त्याची टेप नाही. दुसरा साक्षीदार नाही. कल्याण येईपर्यंत मी उलटतपासणी घेतली, गत कुठली होती, कुणी सुरू केली, चाल कशी होती. ती सगळं हाताने गाडीच्या बाकावर वाजवून दाखवते, आणि दर वेळी वेगळं. एक इंच मागे हटायला तयार नाही. समोरच्या बाकावरचे गृहस्थ शेवटी तिच्याच बाजूने बोलायला लागले.

तू काहीतरी लिही तिला.

तुझा,
श्रीरंगदादा